गोलातला ठिपका

४ ऑक्टोबर १९५४, सोमवार

थॉर्नगिलला पोचले एकदाची. बसमध्ये माझ्या बाकाशेजारी एक मेंढी उभी होती आणि तिचा मालक रस्ताभर मला तिचे गुण सांगत होता. उतरले तर मिसेस डिन्सडेल थांब्यावर हजर. त्यांच्याच घरी माझी राहायची सोय आहे. त्यांनी बॅग हातातून ओढून घेतली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि रेशन उठल्याची बातमी लीड्समध्ये अजून पोचली नाही का, असं विचारलं. मग स्वयंपाकघरात बसवून आल्याचा केक वाढत राहिल्या. नको म्हणायची इथे सोय दिसत नाही.

खोली वरच्या मजल्यावर आहे, छोटी पण उजेडाची. खिडकीतून चर्च दिसतं, त्याच्या आवारातले तिरके झालेले थडग्यांचे दगड दिसतात, आणि त्यापलीकडे डोंगरभर दगडी कुंपणं. हवा इतकी स्वच्छ की फुप्फुसांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. बऱ्याच दिवसांनी मला कुठेतरी आल्यासारखं वाटलं.

काम माझ्या आवडीचं. इथल्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांना ओल लागलीय. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं कातड्याच्या पानांवर लिहिलेलं. ओलीने गिळायच्या आत त्यांची स्वच्छ प्रत काढायची. हे काम मी याआधीही केलंय, म्हणून इथले पाद्री मिस्टर पिकरिंग यांनी मला बोलावलं. क्लिफर्ड म्हणाला, जा, हवापालट होईल. तो बसपर्यंत सोडायला आला, बॅग वर ठेवली आणि बस हलेपर्यंत काचेबाहेर उभा राहिला. आम्ही दोघं हल्ली हवामानावर फार छान बोलतो.

मिसेस डिन्सडेलनी मुलंबाळं विचारली. मी नाही म्हटलं. हे उत्तर दोन वर्षांनंतरही माझ्या जिभेवर नीट बसत नाही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

चर्चच्या बाजूच्या खोलीत माझं टेबल मांडलंय. पायाशी तेलाची शेगडी, समोर लोखंडी पट्ट्यांची पेटी. या पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन माणसांकडे. त्यातला एक जण बाजाराला गेला की काम ठप्प. मिस्टर पिकरिंग म्हणतात, पूर्वी कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता, आता तेवढी फुरसत नाही.

मला या कामात गोडी आहे ती समासातल्या खुणांची. जुने पाद्री नोंद करायचे ती सरकारसाठी, पण खुणा करायचे त्या स्वतःसाठी. एकाने दारू पिऊन मेलेल्यांपुढे बोट दाखवणारा छोटा पंजा काढलाय. दुसरा देवीच्या साथीत गेलेल्यांपुढे फुली मारायचा, आणि एका पानावर फुल्या मारतामारता त्याचा हात कापायला लागलेला दिसतो. माझा नियम एकच. खूण कळो वा न कळो, जशी आहे तशी उतरवायची. एकही गाळायची नाही, एकही वाढवायची नाही.

आज जोसाया गार्थची वही उघडली. हा दीडशे वर्षांपूर्वीचा पाद्री, अक्षर मोत्यासारखं. त्याने काही दफनांपुढे एक लहानसा गोल काढलाय. बऱ्याच गोलांच्या मधोमध एक ठिपका आहे, काही गोल रिकामे. मिस्टर पिकरिंगांच्या मते ही त्याच्या प्रवचनात झोपणाऱ्यांची यादी असावी. मला वाटतं साथीचा ताप.

पानांवर इकडेतिकडे सुटे ठिपकेही आहेत. ते बहुतेक माश्यांचे. माशीचा ठिपका नखाला लागतो, शाई लागत नाही. पण काही पानं इतकी झिजलीत की नखाला दोन्ही सारखेच. तेवढे मी सोडून दिले.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

साथीचा ताप नाही. गोल आहेत ते सगळे मोठ्या माणसांपुढे. म्हातारे, बिनलग्नाच्या बायका, खाणीत चिरडलेला एक तरुण, आणि एक अनोळखी फेरीवाला, ज्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. ना वय सारखं, ना आजार, ना जाण्याचा हंगाम. दिवसभर डोकं लावलं आणि संध्याकाळी मिसेस डिन्सडेलकडून ऐकून घेतलं की मेलेल्या माणसांत इतका जीव गुंतवला तर जिवंत नवऱ्याला कधी पत्र लिहिणार.

रिकाम्या गोलांचं मात्र कळलं. भिंग लावून पाहिलं तर त्या जागी कातडं पातळ झालंय. म्हणजे तिथेही ठिपका होता, तो पुसट होऊन गेला. प्रतीत मी सगळ्या गोलांत ठिपके भरून टाकले. एकसारखं दिसलेलं बरं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ताळा केला. मिस्टर पिकरिंग मूळ वहीतलं मोठ्याने वाचतात, मी प्रतीवर बोट फिरवत जाते. नाव आलं की नाव, खूण आली की खूण. मी प्रत्येक वेळी ‘गोल आणि ठिपका’ म्हणत गेले. त्यांचे डोळे अधू आहेत, गोल दिसतो, आतलं दिसत नाही. शेवटी त्यांनी प्रत खरी असल्याची सही केली आणि थट्टेने म्हणाले, आता मूळ वही उंदराने खाल्ली तरी हरकत नाही, यापुढे हेच खरं.

१८ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी जेवायला निघाले तर चर्चमध्ये मागच्या बाकावर चारपाच बाया बसलेल्या. शाली डोक्यावरून घेतलेल्या. मला वाटलं, पितळ घासायला आलेल्या गावातल्या बायका. मी नमस्कार केला. कुणी मान वर केली नाही. सगळ्यांचे हात मांडीवर उताणे, ओंजळ करून ठेवावी तसे. त्या हातांकडेच बघत होत्या.

संध्याकाळी मिस्टर पिकरिंगांना विचारलं. ते म्हणाले, पितळ गुरुवारी घासतात, आणि तेही मिसेस डिन्सडेल एकट्या, कारण दुसरीने घासलेलं त्यांना पसंत पडत नाही.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

आज त्या माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर होत्या. भर अकरा वाजता, उन्हात. एकीने कोपरात हात वाकवला होता आणि ती हलकेहलके डोलत होती, पण हातात काही नव्हतं. डोलायची, थांबायची, खाली बघायची, पुन्हा डोलायची. मी ते डोलणं ओळखते. इस्पितळातून घरी आल्यावर बरेच दिवस मीही तशीच डोलत होते. क्लिफर्डने एकदा पाहिलं आणि तो गुपचूप खोलीबाहेर गेला.

मी पडदा ओढला. मला भीती वाटते हे लिहायची लाज वाटते, पण वाटते.

२० ऑक्टोबर, बुधवार

चर्च गरम ठेवायला नवीन बंब बसतोय. त्याच्या नळासाठी एमॉस रॉ दक्षिणेच्या बाजूला चर खणत होता. तोच इथल्या थडग्यांचे खड्डे खणतो. दुपारी तो टोपी काढून दारात उभा राहिला आणि पाद्रीबुवांना बोलवा म्हणाला. चर एका जुन्या थडग्याला लागला होता. पेटी कधीच कुजलेली. आत एका बाईची हाडं आणि तिच्या डाव्या कोपराच्या बेचक्यात आणखी काही हाडं. इतकी लहान की एमॉसला आधी पक्ष्याची वाटली.

दगडावरचं नाव मी वहीत शोधलं. बिनलग्नाची बाई, वय साठीच्या पुढे. नावापुढे गोल, गोलात ठिपका.

मिस्टर पिकरिंगांनी हाडं हलवू दिली नाहीत. नळ वळवून घ्या म्हणाले. मग माझ्या टेबलाशी बसून खाली बघत सांगितलं, की बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या बाळावर दफनाची प्रार्थना म्हणायला पूर्वी मनाई होती. त्याला या आवारात जागा नव्हती. मग लोक त्याच आठवड्यात गेलेल्या कुणा मोठ्या माणसाच्या पेटीत बाळाला हळूच ठेवून द्यायचे. पाद्री दुसरीकडे बघायचा.

मी उठून बाहेर गेले आणि भिंतीला धरून उभी राहिले. माझ्या मुलीला मी पाहिलंही नाही. ती रडली नाही एवढंच मला कळलं. परिचारिका तिला कापडात गुंडाळून घेऊन गेली. नंतर मी विचारलं तर सगळं व्यवस्थित केलंय म्हणाल्या. कुठे, ते कुणी सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

मिसेस डिन्सडेल बटाटे सोलत होत्या. एमॉसने सगळ्या गावाला सांगितलेलं होतंच. त्या सुरीवरची नजर न काढता म्हणाल्या,

“माझ्या आईच्या लहानपणापर्यंत चालायचं हे, पोरी. ज्या घरी मोठं माणूस गेलंय तिथे जायचं आणि दारातच विचारायचं, हात मोकळा आहे का? नाही कुणी म्हणत नसे. आईला मात्र कधी सांगायचं नाही कुणाच्या हातात दिलं ते. सांगितलं की ती मागायला जाते. आणि मागितलं की मिळतं.”

मिळतं म्हणजे काय, मी विचारलं. त्यांनी बटाट्याचा डोळा टोकरून काढला आणि म्हणाल्या, मिळतं म्हणजे मिळतं, पुढच्या रविवारच्या आत त्या आईचीही मरणाची घंटा वाजते. मग मला म्हणाल्या, तुझा चेहरा पांढरा पडलाय, चहा घे.

मी धावत चर्चमध्ये गेले. वहीत पाहिलं. जिथे गोल रिकामा, तिथे कातडं झिजलेलं नाही, चाकूने खरवडलंय. त्याखाली काही ओळींवर, त्याच आठवड्यात, एका बाईचं दफन. अमक्याची बायको, वय वीस, वय तीस. आणि तिच्या नावापुढे एक सुटा ठिपका. मी माशीचा म्हणून सोडलेला.

गोल म्हणजे हात. ठिपका म्हणजे बाळ. जोसाया गार्थने तो एका हातातून काढून आईला दिला होता. या बाया मरून आपापली मुलं घेऊन गेल्या होत्या, आणि मी एकसारखं दिसावं म्हणून ती परत काढून घेतली.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

चाकू घेऊन बसले. प्रतीतला एकेक ठिपका खरवडला आणि ज्याच्या त्याच्या आईपुढे नेऊन ठेवला. प्रत्येकीचं नाव मोठ्याने वाचलं. चुकलं माझं, असंही म्हटलं.

मान वर केली तर त्या खोलीतच होत्या. भिंतीशी उभ्या, अगदी जवळ. थंडीने माझे दात वाजत होते. एकेकीचे हात भरत गेले. काय होतं ते दिसलं नाही, पण हातांना वजन आलेलं दिसतं. त्या निघून गेल्या. शेवटची दारात वळली, तिने माझ्या रिकाम्या कोपराकडे बघितलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला माझी कीव आली.

मी भीतीने रडले नाही. हेवा वाटून रडले.

२५ ऑक्टोबर, सोमवार

मिस्टर पिकरिंगांच्या घरून क्लिफर्डला फोन केला. त्यांनी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, मला मोकळं बोलता यावं म्हणून. मी सरळ विचारलं, आपली मुलगी कुणाजवळ आहे.

त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला,

“एक म्हातारा होता, कॉनी. आदल्या दिवशी गेलेला. त्याचं कुणीच नव्हतं. इस्पितळातल्यांनी विचारलं, त्याच्या पेटीत ठेवलं तर चालेल का, मी सही केली. मला बरं वाटलं गं तेव्हा. तिला कुणीतरी झालं, त्याला कुणीतरी झालं.”

दोन वर्षं त्याने हे पोटात ठेवलं. मला त्याचा राग यायला हवा होता. तो फोनवर लहान मुलासारखा रडत होता आणि मी त्याला काय म्हणाले आठवत नाही. शनिवारच्या बसने मला न्यायला येतो म्हणाला.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून, समजूनउमजून, खूण वाढवली. प्रतीच्या शेवटच्या पानावर, सहीच्या वर. नाव माहीत नाही, म्हणून लिहिलं, एक म्हातारा, कुणी नसलेला. पुढे गोल. गोलात ठिपका.

एवढंच. ती कुठेतरी लिहिलेली असावी, इतकंच मला हवं होतं.

खोटं कशाला लिहू. इतकंच नको होतं. चाकू उचलला, ठिपका खरवडला. खाली माझं नाव लिहिलं. नावापुढे मात्र ठिपका द्यायचं धाडस झालं नाही. आता तो कुठेच नाही.

२७ ऑक्टोबर, बुधवार

मिसेस डिन्सडेल तणतणत घरात आल्या. वरच्या रस्त्याला कुंपणाशी एक म्हातारा उभा आहे, लीड्सकडून चालत आल्यासारखा. अंगात लांब पांढरा झगा, पाठीमागे नाड्या, पायात नुसते मोजे, तेही चिंब. ऑक्टोबरात. त्यांनी आपल्या गेलेल्या नवऱ्याचे बूट नेऊन दिले तर घालेना. हात रिकामा नाही म्हणाला. डावा हात छातीशी असा धरलेला, की त्यांना वाटलं मोडलाय.

मी चहाचा कप खाली ठेवला. ठेवताना तो फुटला.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

तो चर्चच्या फाटकाशी आहे. मेंढ्या त्या बाजूला चरत नाहीत. एमॉसने काम टाकलं आणि घरी गेला.

मिसेस डिन्सडेलनी मला एकदाच विचारलं, तू मागितलंस का पोरी. त्यांनी आतून दाराला कडी घातली आणि चुलीशी पाठ करून बसल्या. डोळे पुसत होत्या—

दुपारी मला पान्हा फुटला. दोन वर्षांनी. सगळी चोळी भिजली.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

मला मरायचं नाही. हे लिहून ठेवते. सकाळी जाऊन प्रतीचं ते पान फाडायचं ठरवलं होतं. क्लिफर्ड उद्या येतोय. त्याला सांगायचंय की राग नाही माझा. आम्ही दोघं मिळून कुठेतरी एक लहान दगड—

तो चर्चच्या आत आहे. मागच्या बाकावर. मी त्याच्याजवळून गेले. ओल्या मातीचा वास, आणि त्या वासाखाली दुसरा, गोड, उबट—

खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर—

त्याचा डावा खांदा वाकलाय. दोन वर्षं एकाच हातावर. एकदाही खाली ठेवलं नाही त्याने. त्याची ती कुणी नव्हे.

पान फाडलं नाही. त्याला परत कसं पाठवू.

३० ऑक्टोबर, शनिवार

नऊ वाजले. ऊन आहे. बस दुपारी येते.

मिसेस डिन्सडेल चर्चमध्ये घंटेची दोरी बांधून ठेवायला गेल्या आहेत. वाजू देणार नाही म्हणाल्या—

जिना वाजला. मोज्यांचा आवाज. हळू, जपून, प्रत्येक पायरीवर थांबत. झोपलेलं मूल घेऊन आपण चढतो तसा—

क्लिफर्ड, तू बरोबर केलंस. तो चांगला माणूस आहे. तिला कापडात नीट—

दारात आहे. मान खाली. आत येत नाही, उंबऱ्यावर थांबलाय. रीतच आहे ती. विचारल्याशिवाय—

विचारलं त्याने. अगदी हळू, तिची झोप मोडू नये म्हणून. हात मोकळा आहे का.

माझ्या नावापुढचा ठिपका मी इथेच देते • आता लेखणी ठेवायला हवी, तिला घ्यायला दोन्ही हात लाग